मालकाची खुर्ची

धनीबाई : पानी झालं, चहा झाला, बस वाटेत कुठं कुठं बंद पडली तेही सांगून झालं. आता मालक काय म्हनला ते सांगा ना, भाऊ.

नंदकिशोर : सांगतो, वहिनी. सांगायलाच आलो आहे. घरी अजून पाय टाकला नाही, फाट्यावर उतरलो तो सरळ इकडे मैदानात.

डोंगरसिंग : अवं, दम घेऊ दे त्यायले. पहाटंच्या गाडीनं नागपूरले गेलेला मानूस आता दिवस कलल्यावर येऊन राह्यला. बसा नंदूभाऊ, पोत्यावर बसा. खाली चुना सांडला हाय, पँट भरंल.

नंदकिशोर : चुना? आज मंगळवारी कशाला चुना?

डोंगरसिंग : दिवाळीच्या कपासाठी. लाइनींवर एक हात मारून ठेवला आताच, अन् मालकाची खुर्चीबी पुसाले बाहेर काढली. पाऊस काही आता येत नाही. फुलसावंगीवाले येनार, केळापूरवाले येनार. परगावची टीम आली का पहिले लाइन पाह्यते, मंग आपल्याले पाह्यते.

नंदकिशोर : हो. ते आहेच.

धनीबाई : तांड्याचा नायक पूनमसिंग कुठं हाय? जाताना तं संगच गेलते तुमी.

नंदकिशोर : तो फाट्यावरूनच तांड्याच्या वाटेला लागला. म्हणाला, डोंगरभाऊला तूच सांग. तू माइकवर बोलणारा माणूस, तुला शब्द सापडतील.

धनीबाई : झालं मंग.

डोंगरसिंग : काय झालं?

धनीबाई : चांगलं असतं तं नायक इथं पहिले आला असता, वाटेनंच बोंबलत. त्याच्या पोटात चांगली गोष्ट राह्यली हाय का कधी? तांड्यात कोनाचं लगन जुळलं तं पोरीच्या मायच्या आधी त्याले सांगाची घाई.

डोंगरसिंग : तुले सप्पा वाईटच दिसते. नंदूभाऊ, अवधूतबाबू भेटले का? सोता भेटले?

नंदकिशोर : भेटले. स्वतः भेटले.

डोंगरसिंग : पाह्य! म्या म्हटलं होतं का नाही? आपल्या जुन्या मालकाचं, भाऊसाहेबाचं पोरगं हाय ते. दारावर आलेल्या मानसाले भेटल्याबिगर नाही धाडत.

धनीबाई : किती वेळ बसवून ठेवलं?

नंदकिशोर : बाहेर काचेची खोली आहे. चांगलं गार होतं तिथं.

धनीबाई : किती वेळ, म्हटलं.

नंदकिशोर : पूनमसिंगची एक झोप झाली.

धनीबाई : घोरला असंल.

नंदकिशोर : घोरला. कुत्रं येऊन पाहून गेलं. पण नंतर आत बोलावलं हं. सोफ्यावर बसवलं, समोर काजू ठेवले. भिंतीवर हा एवढा फोटो आहे. ते, बायको, दोन्ही मुलं. चौघांच्या गालांवर रंग फासलेला, गळ्यात रंगीत पट्टे. यंदा जूनमध्ये जर्मनीत वर्ल्ड कप झाला ना, तिथला.

डोंगरसिंग : म्हंजे पेपरात आलतं ते खरंच होतं?

नंदकिशोर : अगदी खरं. पोरं दर रविवारी ओरडतात त्यात काही खोटं नाही.

धनीबाई : ‘मालक कुठं हाय? जर्मनीत हाय!’ मीबी ओरडतो त्यायच्या संग. घसा मोकळा होते.

डोंगरसिंग : तू नको ओरडत जाऊ. आपन त्यायच्या फाटकावर राहातो. जिनिंग बंद पडली तरी चौकीदाराची खोली त्यायनं काढून घेतली का?

धनीबाई : काढून घ्याले तरी आला पाह्यजे ना तो इकडं.

नंदकिशोर : अर्धा तास मला त्या वर्ल्ड कपचंच सांगत होते. कोणी कोणाला पास दिला, कोण ऑफसाइड होता, पंच कुठं चुकला. सोफ्यावरची उशी छातीशी धरून दाखवली, गोलकीपर कसा आडवा झेपावला ते. खेळाडूंची नावं तोंडपाठ, तीसुद्धा अशी की माझी जीभ वळणार नाही. मी इतकी वर्षं मैदानात कॉमेंट्री करतो, पण खरं सांगतो, मला हेवा वाटला.

डोंगरसिंग : मंग! जीव हाय ना त्यायचा फुटबॉलवर. बापाचं रक्त हाय.

धनीबाई : आपल्या सुनीलचं नाव मालूम हाय का त्याले?

नंदकिशोर : वहिनी...

धनीबाई : माहा पुतन्या हाय म्हनून नाही इचारत. याच्याच टीमचा गोलकीपर हाय तो. दोन दात गेले पोट्ट्याचे याच्या गोलावर. नाव मालूम हाय का?

नंदकिशोर : मी विचारलं नाही.

धनीबाई : काहून?

नंदकिशोर : उत्तर ऐकून मला काहीतरी बोलावं लागलं असतं. आणि मी मागायला गेलो होतो.

डोंगरसिंग : बराबर केलं. नाव काय, सांगितलं का समजते. शर्टाचं काढलं का तुमी? जाळीचं?

नंदकिशोर : शर्टाचं काढलं. म्हणाले, शर्ट तर पाठवले होते ना मी?

धनीबाई : पाठवले होते! ऐका. पाठीवर बियान्याची थैली छापलेले फुकटचे शर्ट. ज्या बियान्यानं दोन साल सप्पा गावाच्या कापसाची माती केली, त्याचीच थैली पोट्ट्यायच्या पाठीवर! पहिल्या दिवशी घातले अन् दिग्रसचे लोक काय हसले, काय हसले. तवापासून उलटे घालून खेळून राह्यले. शिलाई बाहेर, थैली आत.

नंदकिशोर : तेही सांगितलं मी. शर्ट उलटे घालतात म्हणून.

धनीबाई : अन्?

नंदकिशोर : ते हसले. म्हणाले, कल्पना चांगली आहे.

डोंगरसिंग : त्यायले मालूम नाही ना इथलं. लहानपनीच शिकाले गेलते. चार-पाच सालाचा होता तवा या कापसाच्या गंजीवरून घसरे. नाकातोंडात कापूस. म्या त्याले कितीक डाव ओढून काढलं. मंग गेला तो गेला. भाऊसाहेब वारले तवा आलता, तेराव्याले. डोकं सफाचट, खाली मान. मले तं वळखूच आला नाही. पाया पडाले गेलो तं म्हने, तुम्ही कोण?

धनीबाई : तवाच समजाले पाह्यजे होतं.

डोंगरसिंग : बाप मेलेल्या मानसाले काय समजते? तू काहीबी बोलते.

नंदकिशोर : डोंगरभाऊ, भाऊसाहेबांची गोष्ट वेगळी होती.

डोंगरसिंग : वेगळीच होती. वकील मानूस, पन दर रविवारी इथं. या निंबाखाली, याच खुर्चीत. हरलो तं शिव्या देत, जिंकलो तं जिलबी. टीमच जिनिंगची होती ना सप्पा. अर्धे पोट्टे सरकी काढाच्या रेच्यावर, अर्धे गाठी बांधाले. मी फुलबॅक. कापसाचा हंगाम आला का आमीच गोलाचे खांब उपटून ठेवत होतो, कारन इथं कापसाच्या गंज्या लागत. होळीले कापूस उठला का पुन्हा खांब गाडाचे. भाऊसाहेब सोता पहारीचा पहिला घाव घालत.

धनीबाई : अन् जिनिंग बंद पडली तवा हेच पोट्टे खूश झालते. ‘काकू, आता कापूस येत नाही, आता बारा महिने खेळू.’ म्या म्हटलं, खा मंग बारा महिने फुटबॉल.

नंदकिशोर : तेव्हा मीही खूश झालो होतो, वहिनी. खांब उपटायला नकोत म्हणून.

डोंगरसिंग : ते जाऊ द्या. मुद्द्याचं सांगा. या म्हटलं का नाही त्यायले? मी काय सांगून धाडलं होतं तुमाले? पैसे मागू नका, शर्ट मागू नका. फकस्त म्हना, एक डाव येऊन त्या खुर्चीत बसा. एक म्याच पाहा. बस. पाह्यल्यावर तो मानूस सोडत नाही मंग. मी सांगतो ना. घरात पडलेलं लेकरू एक डाव कडेवर घेतलं का खाली ठेवाले मन होते का?

नंदकिशोर : हो, तुमचा निरोप मी दिला.

डोंगरसिंग : खुर्चीचं सांगितलं? कोनाले बसू देत नाही म्हनून? आमदार आलता तवा त्याले प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं, ते सांगितलं?

नंदकिशोर : सगळं सांगितलं.

धनीबाई : अन् तुमी दर म्याचले भोंग्यावर काय म्हन्ता ते सांगितलं का? ‘आपल्या क्लबचे माननीय अध्यक्ष काही अपरिहार्य कारणास्तव आज उपस्थित राहू शकले नाहीत.’ नऊ साल झाले. माह्या शेळ्यायले पाठ झालं ते.

नंदकिशोर : वहिनी, ते म्हणावंच लागतं. रीत असते.

धनीबाई : कारन काय होतं ते तरी इचारून याचं होतं आज.

डोंगरसिंग : धने, चूप बस जराशी. नंदूभाऊ, येतीन का ते? दिवाळीच्या कपाले?

नंदकिशोर : नाही.

डोंगरसिंग : मंग कवा?

नंदकिशोर : डोंगरभाऊ... दिवाळीचा कप होणार नाही. मैदान विकलं त्यांनी. जिनिंग, गोदाम, मैदान, सगळंच. लेआउट पडणार आहे इथं. प्लॉट.

धनीबाई : ये याडी!

नंदकिशोर : यवतमाळचा कोणी आहे घेणारा. दिवाळीच्या आधीच तारेचं कुंपण घालतो म्हणाला आहे. तुमच्या खोलीचंही... तेव्हापर्यंतच.

धनीबाई : अन् टीम?

नंदकिशोर : टीमचं मी विचारलं. म्हणाले, टीमला कोणी अडवलं आहे? खेळा की कुठंही.

धनीबाई : कुठंही म्हंजे कुठं? वावरात? रस्त्यावर? सुनील म्हनतच होता, काकू, दिवाळीचा कप खेळतो अन् पुन्याले चौकीदारीवर जातो. म्या म्हटलं, एक साल थांब, मालकाकडं मानसं चालले. मीच थांबवलं त्याले.

नंदकिशोर : जाऊ द्या त्याला.

धनीबाई : जाऊ द्या तं काय. सप्पा जातीन आता. दोन महिन्यात अकरा पोट्टे दिसनार नाही या गावात. अवो, काय झालं तुमाले? कांई वेगो?

डोंगरसिंग : मी इचार करून राह्यलो. सह्या झाल्या असतीन तरी रद्द होते ना ते? कोर्टात होते. नंदूभाऊ, तुमी कचेरीतले मानसं, तुमाले मालूम असंल.

नंदकिशोर : नाही होत, डोंगरभाऊ. त्यांचंच होतं, त्यांनी विकलं.

डोंगरसिंग : पन त्यायनं पाह्यलंच नाही ना! न पाह्यता इकलं. कोनता प्लॉट म्हंजे पेनाल्टीची जागा हाय हे कसं समजंल कागदावरून? एक डाव येऊन बसले असते, एक म्याच पाह्यली असती, तं नसतं इकलं. लेहून देतो मी. नायक अन् तुमी पुन्हा जा. मीबी येतो. म्हनू, बाबू, एकच रविवार द्या आमाले. एक रविवार बसा. मंग इका.

नंदकिशोर : त्याचा उपयोग नाही.

डोंगरसिंग : काहून नाही?

नंदकिशोर : नाही म्हणतो ना.

धनीबाई : भाऊ, इकडं पाहा. काय लपवून राह्यले?

नंदकिशोर : काही नाही.

धनीबाई : भोंग्यावर गोल खाल्ल्याचं सांगाचं असलं का तुमचा आवाज असाच बारीक होते. सांगा. मैदान गेलं, खोली गेली. आनखी काय राह्यलं सांगाचं?

नंदकिशोर : त्यांनी मॅच पाहिली आहे.

डोंगरसिंग : टीव्हीवर?

नंदकिशोर : नाही. इथं. परवाच्या रविवारी. आर्णीवाल्यांची.

डोंगरसिंग : कोन म्हन्ते?

नंदकिशोर : तेच म्हणाले.

डोंगरसिंग : फेकून राह्यले ते. तुमाले वाटे लावाले म्हटलं असंल. अहो, सप्पा म्याच मी खुर्चीजोळ होतो. खुर्ची रिकामीच होती. कोनी आलं नाही.

नंदकिशोर : कोणीच बसलं नाही खुर्चीत?

डोंगरसिंग : कोन बसते? मी असताना?

नंदकिशोर : पिवळा शर्ट. काळा चष्मा. डोक्यावर पांढरी टोपी, इंग्रजी अक्षरं असलेली.

डोंगरसिंग : पांढरी टोपी?

धनीबाई : अवो?

डोंगरसिंग : तो होय? तो तं कोनी रस्त्यानं जानारा होता. बाहेर बाभळीखाली गाडी उभी करून आलता. मले वाटलं लघवीले थांबला, गलका ऐकून आत आला. येऊन तसाच बसला खुर्चीत. पायावर पाय टाकून.

धनीबाई : अन् तुमी?

डोंगरसिंग : म्या उठवलं.

धनीबाई : ये याडी, ये बापू!

डोंगरसिंग : म्या काही वाईट नाही बोललो. हात जोडून म्हटलं, साहेब, उठा जी. ते मालकाची खुर्ची हाय. तो म्हने, कोण मालक? म्या म्हटलं, अवधूतबाबू. नागपूरले असते. तो म्हने, येतात का ते? म्या म्हटलं...

नंदकिशोर : राहू द्या, डोंगरभाऊ.

डोंगरसिंग : नाही, ऐका ना. म्या म्हटलं, येतीन. मोठ्या कामाचा मानूस हाय. पन आमाले इसरला नाही तो. असं म्हटलं म्या. तवा पोट्ट्यायनं ओरडाले सुरुवात केलती, मालक कुठं हाय, जर्मनीत हाय. म्या त्याले म्हटलं, ते मनावर नका घेऊ जी, पोट्टे हायेत. मालक सोन्यासारखा हाय आमचा.

धनीबाई : सोन्यासारखा!

डोंगरसिंग : तो जराशी पाहातच राह्यला माह्याकडं. चष्मा काढला नाही त्यानं. चष्मा काढला असता तं... मंग म्हने, बरं. अन् उठला.

धनीबाई : म्हनला नाही का, मीच मालक हाय म्हनून?

डोंगरसिंग : नाही.

धनीबाई : एवढं म्हनाले काय जात होतं त्याचं? तीन शब्द!

डोंगरसिंग : नाही म्हनला. म्या त्याले हे पोतं टाकून देल्लं खाली, माह्याजोळ. बसला पोत्यावर. मांडी घालता येत नव्हती त्याले. म्या भुईमुगाच्या शेंगा देल्ल्या मूठभर. खाल्ल्या त्यानं. सुनीलनं कोपऱ्यातला गोल अडवला तवा म्या म्हटलं, पाहा जी, आमचा सुनील. तो म्हने, चांगला आहे.

धनीबाई : म्हंजे नाव सांगितलं होतं तुमी त्याले.

डोंगरसिंग : सांगितलं होतं ना. सप्पायचे सांगितले. कोन काय खेळते, कोनाचा बाप जिनिंगात होता. हे खांब आमी उपटत होतो, ते सांगितलं. भाऊसाहेब पहार मारत, ते सांगितलं. त्याच्याच बापाचं त्याले सांगत होतो मी... तो नुसता हं, हं. मंग हाफटाइमच्या पहिलेच उठला. शेंगाचे टरफलं हातात तसेच. म्हने, कुठं टाकू? म्या म्हटलं, टाका कुठंबी, मैदान आपलंच हाय.

धनीबाई : अन् संग कोन होतं त्याच्या?

डोंगरसिंग : होता एक. जाडा. तो म्याच पाहातच नव्हता. कंपाउंडच्या भिंतीच्या कडंकडंनं चालत होता, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यालोक. म्या म्हटलं, पोट साफ कराले फिरून राह्यला असंल.

नंदकिशोर : तोच घेणारा.

डोंगरसिंग : नंदूभाऊ, ते काय म्हनले माह्यासाठी? रागावले का?

नंदकिशोर : नाही, रागावले नाहीत. उलट हसत होते. आणखी दोघं पाहुणे बसले होते तिथं, त्यांनाही सांगितलं, माझ्याच खुर्चीतून मला उठवलं एका म्हाताऱ्यानं. सगळे हसले. म्हणाले, माणूस मात्र फार इमानदार आहे.

धनीबाई : इमानदार. आना भाऊ ते इमान, त्याच्यावर भाकरी टाकतो मी.

डोंगरसिंग : धने.

धनीबाई : काय धने, धने? दिवसरात कोनासाठी घसा फोडला तुमी? तांडा हसे तुमाले, पोट्टे हसत. मालक येतीन, मालक येतीन. दर रविवारी डोक्यावर खुर्ची घेऊन येता, फडक्यानं पुसता, संध्याकाळी पुन्हा डोक्यावर घेऊन जाता. गुडघे गेले तुमचे. अन् तो आला, अन् तोंड उघडलं नाही त्यानं! पोत्यावर बसून शेंगा खाऊन गेला! मले राग त्याचा नाही येऊन राह्यला, तुमचा येऊन राह्यला.

डोंगरसिंग : येऊ दे.

नंदकिशोर : वहिनी, यात यांची काही चूक नाही. चेहरा कोणाला माहीत होता? मी माइकवर होतो, समोरच होतो, मीही पाहिलं त्या माणसाला. मला वाटलं, बियाण्याच्या कंपनीचा असेल.

डोंगरसिंग : नंदूभाऊ.

नंदकिशोर : बोला.

डोंगरसिंग : म्या उठवलं नसतं तं?

नंदकिशोर : म्हणजे?

डोंगरसिंग : बसू देल्लं असतं तं? बापाच्या खुर्चीत. नऊ साल तेच मागत होतो ना आपन, का एक डाव येऊन बसा. तो आला. बसला. अन् म्या सोता हात जोडून उठवलं. पुरी म्याच बसला असता तं इकलं नसतं ना त्यानं? खरं सांगा. तुमी शिकलेले मानसं, खरं सांगा मले.

नंदकिशोर : नाही हो.

डोंगरसिंग : कशावरून नाही?

नंदकिशोर : कारण... कारण व्यवहार त्याच्या आधीच झाला होता, डोंगरभाऊ. गुरुवारी.

डोंगरसिंग : गुरुवारी?

नंदकिशोर : गुरुवारी. यवतमाळला येऊन सह्या करून गेले होते ते. रविवारी नुसतं दाखवायला आले, त्या जाड्या माणसाला. भिंत कुठून कुठं आहे ते. तुम्ही पायघड्या घातल्या असत्या तरी काही होणार नव्हतं.

डोंगरसिंग : म्हंजे रविवारी इथं बसला तवा हे इकलेलं होतं.

नंदकिशोर : विकलेलं होतं.

डोंगरसिंग : म्हंजे मालक नव्हताच तो.

नंदकिशोर : नव्हता.

डोंगरसिंग : मंग म्या बराबर उठवलं.

नंदकिशोर : अगदी बरोबर उठवलं.

डोंगरसिंग : मालक नसलेल्या मानसाले मी त्या खुर्चीत बसू देत नाही. आमदाराले नाही बसू देल्लं. ऐकलं का, धने? बराबर केलं म्या.

धनीबाई : ऐकलं.

डोंगरसिंग : म्हनून तो म्हनला नाही, मी मालक हाय म्हनून. खोटं कसं बोलंल? भाऊसाहेबाचं पोरगं हाय ते.

धनीबाई : हो.

डोंगरसिंग : अन् या खुर्चीचं काय कराचं म्हनले? तेबी त्या जाड्याले देल्ली का?

नंदकिशोर : नाही. ती तुम्हाला द्यायला सांगितली आहे. म्हणाले, त्या म्हाताऱ्याला सांगा, खुर्ची माझ्याकडून ठेव.

धनीबाई : बसा मंग. गुडघे दुखून राह्यले सकाळपासून. तुमचीच झाली आता. बसून पाहा तरी एक डाव.

डोंगरसिंग : मी कुठं मालक हाय?

धनीबाई : आता कोनीच मालक नाही. बसा म्हन्तो मी.

डोंगरसिंग : नको. दव पडून राह्यलं, आत नेऊन ठेवतो. वेत फुगते ओलीनं. चुन्याचं पोतंबी न्या लागंल... नाही, राहू दे पोतं. चुन्याले काय होते.

(डोंगरसिंग खुर्ची डोक्यावर घेऊन फाटकाकडे जातो.)

धनीबाई : पाहा कसा चालून राह्यला. लाइनीवर पाय पडू नये म्हनून वळसा घालून राह्यला अजून.

नंदकिशोर : जेवा आता तुम्ही दोघं. मी निघतो.

धनीबाई : थांबा. भाऊ, गुरुवारी खरंच झाल्या का सह्या?

नंदकिशोर : वहिनी...

धनीबाई : मले सांगा. मी काही रडत नाही.

नंदकिशोर : मी विचारलं होतं त्यांना. दोनदा विचारलं. आमच्याकडे येऊन गेलात त्याच्या आधी ठरलं की नंतर? ते म्हणाले, आता काय फरक पडतो? आणि टीव्ही लावला. मॅच सुरू होती कुठली तरी, तिकडची.

धनीबाई : म्हंजे तुमालेबी मालूम नाही.

नंदकिशोर : नाही.

धनीबाई : मंग गुरुवारच राहू द्या.